पाखरांच्या आधीचा हिस्सा

आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुण्याकडची माणसं डांगर म्हटलं की भोपळा समजतात, आणि मग पुढचं सगळं त्यांना भोपळ्याचंच वाटत राहतं. आमचं घर अहेरीचं. आजोबांपासून फळांचा धंदा. घरात आम्ही हिंदी-उर्दू बोलतो, पण शिकलो मराठी शाळेत आणि भांडण करायचं तर मला मराठीच लागते. हे लिहिणंही एक भांडणच आहे, म्हणून मराठीत.

डांगर येतं नदीतून. म्हणजे खरोखर नदीच्या पोटातून. पाणी उतरलं की मधोमध रेतीचं बेट उघडं पडतं. त्या रेतीत काठावरच्या गावातले ढीवर आळी खणतात, शेणखत भरतात, बी टोचतात, ऊन आणि कोल्ह्यांपासून राखतात, आणि होळीच्या पुढंमागं माझा टेम्पो घाटावर लागतो. मासे धरणारी माणसं ही, पण उन्हाळ्यात त्यांचं पोट रेतीवर असतं.

ज्या बाईबद्दल लिहितोय ती यांच्यातलीच. तिचा सासरा माझ्या वडिलांना माल द्यायचा, मग तिचा नवरा मला, आणि नवरा गेल्यावर ती. मी तिचा मानलेला भाऊ. भाऊबीजेला ती मला ओवाळते, ईदला शिरखुर्म्याचा डबा तिच्याकडे जातो, आणि उरलेलं वर्षभर आम्ही मालावरून कचाकचा भांडतो. एकदा तिनं फेकून मारलेलं डांगर मी झेललं आणि तेच खाल्लं. ती हसून हसून खाली बसली होती. आता ती इतकं हसताना दिसत नाही.

रेतीची वाटणी कशी होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दिवाळीनंतर पाणी उतरलं की सगळी घरं घाटावर जमतात. एक म्हातारा आहे, तिचा चुलतसासरा. त्याच्या हातात वेळूची काठी. बेटाच्या वरच्या अंगाला, जिथं धार येऊन आपटते, ते रेतीचं डोकं. तिथून तो काठी टाकत टाकत शेपटाकडे येतो. डोक्याजवळ पहिलं घर, मग दुसरं, मग तिसरं. ही ओळ त्यांच्या आज्यापणज्यापासूनची. रेती मात्र दरसाल वेगळीच निघते. कधी आपल्या काठाला चिकटून, कधी पार पल्याड तेलंगणाच्या अंगाला, कधी लांबट, कधी बसकी. नदीच ती, तिला कोण सांगणार की बाई गं, मागच्या वर्षी होतीस तिथंच बस. पण रेती कुठंही निघो, ओळ हलत नाही. पहिलं घर पहिलं, शेवटचं घर शेवटचं.

शेवटचं घर तिचं. आणि तिच्यानंतर जे शेपूट उरतं ते पाखरांचं. तिथं कोणी आळं खणत नाही. पाणपाखरं येऊन उघड्या रेतीवर अंडी घालतात, कासवंही येतात. म्हातारा तिच्या हिस्श्यानंतर पळसाची एक फांदी रोवतो आणि म्हणतो, "आता पाखरायचं." झाली वाटणी.

यात एकच कायदा आहे, पण कडक. ज्यानं एक साल रेती पडीक ठेवली त्याची जागा गेली. शेजारचं घर त्या जागेवर सरकतं, ओळ मिटते, आणि मग पाया पडा नाहीतर रडा, परत मिळत नाही. नवरा मेला तेव्हा नेमका लावणीचा हंगाम होता. दीर म्हणाला, "वहिनी, यंदा राहू दे, आमी पाहून घेतो." ती समजायचं ते समजली. नवऱ्याचं दहावं व्हायचं होतं आणि ही बया रेतीत आळी खणत होती. गाव नाही नाही ते बोललं. तिनं बोलू दिलं. तिला शेत नाही, नदीत घालायला डोंगा नाही, लेकरू नाही. गावात तिचं म्हणावं असं एकच होतं, ओळीतली ती शेवटची जागा. ती गेली की ती फक्त कुणाची तरी विधवा भावजय.

आमच्या नदीचा हा तुकडा अभयारण्य आहे हे आम्हाला माहीत होतं, कारण रस्त्यावर तसा बोर्ड होता. बोर्डावर एक हरीण, आणि हरणाच्या पोटात कुणीतरी दगड मारून पाडलेलं भोक. त्यापलीकडे अभयारण्यानं आम्हाला कधी त्रास दिला नाही आणि आम्हीही त्याला दिला नाही. मग वरून हुकूम आला की अभयारण्याचा दहा वर्षांचा आराखडा करा. पुढची दहा वर्षं नदी, पाखरं, माणसं, मासे, सगळं कसं चालेल ते लिहून काढा. दहा वर्षं! आमच्याकडे माणूस उद्याची एसटी येईल की नाही ते सांगू शकत नाही.

वनखात्याच्या गाड्या यायला लागल्या. गावातल्या समाजमंदिरात बैठक ठेवली. मलाही बोलावणं होतं, व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून. भिंतीवर मोठा कागद लावलेला, आणि प्रत्येकाला रंगीत चिठ्ठ्या दिल्या. आपल्याला काय पाहिजे ते चिठ्ठीवर लिहा आणि कागदाला चिकटवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं पोरांनी लिहिलं. थोड्या वेळानं लाइट आली, पंखा सुरू झाला आणि निम्म्या चिठ्ठ्या उडून बायकांच्या डोक्यावर. सगळे हसले. साहेबही हसले. ते जुने साहेब बरे होते, नोकरी या जंगलात घासलेली, आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत कुठला नाला कुठं वळतो ते ठाऊक. उडालेल्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः वाकून गोळा केल्या.

एका चिठ्ठीवर होतं, 'पाखरं राखायला माणसं लागतील, त्यात विधवा बायांना आधी घ्यावं.' साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. टाळ्या पडल्या. माझ्या बहिणीनंही वाजवल्या.

आराखडा लिहायला शहरातल्या संस्थेतून एक तरुण बाई आली होती. पाखरांची तज्ज्ञ. मला आधी वाटलं, आली आणखी एक गॉगलवाली. पण नाही, खोटं कशाला बोलू, पोरगी चांगली होती. भर उन्हात रेतीत फिरायची, बहिणीच्या घरची आंबील प्यायची, आणि पहिल्या दिवशीच म्हणाली होती की लोकांना हाकलून पाखरं वाचवायचा आराखडा ती लिहिणार नाही. तिला त्या शेपटाचं फार नवल वाटलं. "इथं का नाही लावत तुम्ही?"

"पाखरायचं होय ते," बहीण म्हणाली.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. देवा रे! मला राहवेना. म्हटलं, "मॅडम, उगाच देवमाणसं करू नका यांना. त्या टोकाला बारीक पातळ रेती, काही पिकत नाही. पहिल्या अवकाळीत तेच बुडतं. म्हणून पाखरांना दिलंय."

बहीण माझ्यावरच खेकसली, "तुमी खरं काऊन सांगता गा भाऊ? मॅडम कशी चांगलं चांगलं लिहून राह्यली होती!" मग तिघंही हसलो. तो दिवस चांगला गेला.

पुढं हद्द आखायची वेळ आली. हातात यंत्र घेऊन ती पोरगी आणि गार्ड बेटाच्या कडेकडेनं चालले. मागं सगळं गाव. "तुमच्या डांगराच्या वाड्या इथूनच सुरू होतात ना?" "हाव." "आणि इथं संपतात?" "हाव." "आणि याच्या पलीकडे पाखरं?" "हाव ना बाई." कोणी खोटं बोललं नाही. त्या साली तसंच होतं. ढिवरांच्या मनात जागा नव्हतीच, ओळ होती. आमचं आम्हाला, पाखरांचं पाखरांना, यात हरकत घ्यायचं काय? त्यांनी ओळीला होकार दिला. यंत्रानं जागा टिपली.

हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही असं नाही, तसं असतं तर निदान रडता आलं असतं. मी स्वतः त्या बैठकीत उभा राहून बोललो, "साहेब, नदी हलते."

"मला सांगता का?" साहेब म्हणाले. "माझं अर्धं आयुष्य हिच्या काठावर गेलं. पण वर पाठवायला हद्द लागते. हद्द नाही तर नकाशा नाही, नकाशा नाही तर आराखडा नाही, आणि आराखडा नाही तर तुमच्या वाड्या सरसकट बेकायदा. आता निदान कागदावर तुमचा हक्क येतोय. दरसाल पाणी उतरलं की समजुतीनं पाहून घेऊ."

आता यात काय चूक होतं? मला आजही सापडत नाही, आणि त्याचीच चीड येते. सगळ्यांनी माना डोलावल्या. पेढे वाटले. घाटावर नवा बोर्ड लागला. त्यावर रंगीत नकाशा, वाड्यांची रेती पिवळी, पाखरांची लाल. लहान पोरं पिवळ्यावर बोट ठेवून आपापलं घर दाखवायची.

साहेबांची बदली झाली. समजूत त्यांच्यासोबत गेली.

पुढचा पावसाळा जबर होता. घाटावरच्या महादेवाला पाणी लागलं, खालच्या आळीतली माणसं शाळेत जाऊन राहिली. पाणी उतरलं तेव्हा नदीनं कूस बदलली होती. आदल्या साली जिथं वाड्या होत्या तिथून आता मुख्य धार जात होती, वेळू बुडेल इतकी खोल. आणि नवं बेट वर आलं होतं खाली, बोर्डावरच्या लाल रंगात. म्हाताऱ्यानं नेहमीसारखी काठी टाकली. पहिलं घर, दुसरं घर, सगळं ओळीनं. शेवटी माझी बहीण, मग पळसाची फांदी, "आता पाखरायचं." सगळे आळी खणायला लागले. कुणाच्या मनात पापही नव्हतं.

नवे साहेब आले तेव्हा बियांना दोन दोन पानं फुटली होती. तरुण माणूस, नुकताच लागलेला, बूट रेतीत रुतत होते. हातात मोबाइल. मोबाइलवर नकाशा आणि नकाशावर एक निळा ठिपका, जो त्यांच्याबरोबर चालत होता. ते थांबले आणि म्हणाले, "तुम्ही सगळे गाभा क्षेत्रात आहात, लाल रंगात."

बहीण पुढं होती. म्हणाली, "आमी कुठीच नाई गेलो साहेब. रेती आली."

"तुम्हाला पिवळं क्षेत्र दिलं आहे ना? तिथं करा."

"पिवळ्यात डोंगे चालून राह्यले साहेब. पाह्यता का?"

साहेबांनी पाहिलं. खरंच त्या वेळी तिथून एक डोंगा चालला होता, त्यात दोन माणसं आणि एक बकरी. साहेब बराच वेळ मोबाइलकडे आणि डोंग्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, हद्द आराखड्यात मंजूर आहे, ती माझ्या मनानं मी वीतभरही हलवू शकत नाही. मधला आढावा होईल तेव्हा मुद्दा मांडा. आढावा कधी? आराखड्याचं अर्धं आयुष्य सरल्यावर. तोवर डांगर काय पिशवीत लावायचं?

ते वाईट नव्हते. त्यांनी वर विचारलंसुद्धा. मीही फिरलो. अहेरीच्या कचेरीत गेलो, जिल्ह्याला गेलो. प्रत्येक जण खुर्ची द्यायचा, चहा सांगायचा, नकाशा बघायचा आणि हसायचा. हसायचा! म्हणायचा, वा भाई, हे तर अजबच झालं. आणि मग हात वर. त्या तज्ज्ञ पोरीला फोन केला तर ती फोनवर रडायलाच लागली. तिनं म्हणे लिहिलं होतं की हद्द दरसाल धारेप्रमाणे तपासावी. वर गेल्यावर आराखडा ठरल्या नमुन्यात बसवताना ते वाक्य छाटलं गेलं. मी म्हटलं, "मॅडम, रडू नका. तुमच्या रडण्यानं पाणी वाढेल, कमी नाही होणार." हे बोलायला नको होतं, पण माझं डोकं फिरलेलं होतं.

वेल उपटायला आले ते गार्ड आमच्याच भागातले, एक एटापल्लीकडचा, एक शेजारच्या गावातला. तोंडं फिरवून उपटत होते. दोन पानांचं रोप ते, उपटायला जोर लागत नाही. बायका ओरडत होत्या. एकीनं गार्डाच्या अंगावर शेणखत फेकलं. बहीण ओरडली नाही. तिनं आपली आळी पायानं बुजवली आणि म्हणाली, "राहू द्या. मी करतो माहं मी." गार्ड बाजूला झाले.

ज्यांच्याकडे डोंगा होता, घरात गडीमाणूस होतं, ते पल्याडच्या काठाला गेले. तिकडे तेलंगणात त्यांचे सोयरे, त्यांनी थोडी थोडी रेती करू दिली. लावलं की झालं, ओळ टिकली. ओळीला ते पुरतं. हिच्याकडे ना डोंगा, ना सोयरा. मी म्हटलं, कुणाच्या तरी डोंग्यात बसून जा. ती म्हणाली, "कोणाच्या? दिराच्या?" हिची जागा सरकली तर तिथं येणार कोण, तर शेजारचं घर, आणि शेजारचं घर दिराचं.

मग राहिली मिरची. दरसाल आमच्याकडच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात, पिकअपमध्ये कोंबून, शेतातच पाल ठोकून राहतात. ही लग्नानंतर एकदा गेली होती. परत आली तेव्हा हातांची सालटं निघाली होती आणि जेवताना रडायची, कारण आपलाच हात तोंडाला लागला की आग व्हायची. त्यानंतर तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, उपाशी ठेव पण मिरचीला धाडू नको.

अशात वनखात्याचा निरोप आला. आराखड्यात आहे म्हणून, पाखरं राखायला रोजंदारीवर बाई पाहिजे. विधवेला प्राधान्य. तिला खाकी टोपी, शिट्टी आणि काठी मिळाली. काम काय, तर बेटावर कुत्री, गुरं, पोरं आणि डांगरवाले येऊ द्यायचे नाहीत.

मी भेटायला गेलो तर टोपी घालून उभी. मी सलाम ठोकला. म्हणाली, "हसा हसा. तुमचं काय जाते?" पण तिलाही थोडं हसू आलं. मग मला रेतीवरून चालायला शिकवलं. पिल्लं रेतीच्याच रंगाची, हलत नाहीत, दिसत नाहीत, पाय पडला तर मरतील. वाकून एकेक दाखवत होती. मला तर दोनच दिसली. ती म्हणाली, "आंधळे हो तुमी." तिचा जीव लागला होता त्या पाखरांत, हे मला तेव्हा कळलं, आणि बरंही वाटलं.

परत येताना शेपटाच्या अलीकडे पळसाच्या डहाळ्यांचा एक ढीग दिसला. मी सहज पायानं सरकवायला गेलो तर ती किंचाळलीच. डहाळ्यांखाली एक आळं होतं. एकच. त्यात डांगराचा एक वेल, हिरवागार.

"हे काय वो बाई?"

"लावलं म्हंजे लावलं," ती हळूच म्हणाली. "एक असो का शंभर. आता ओळ सरकत नाई."

मी आधी हसलो. मग डहाळ्या परत जागेवर सारल्या. जिला डांगर उपटायला ठेवली तिनंच लाल रेतीत डांगर लावलेलं. साहेबानं पाहिलं तर नोकरी जाईल, गावानं पाहिलं तर काय होईल ते सांगता येत नाही. मी म्हटलं, अगं, वेडी का काय तू. ती म्हणाली, "मंग सांगा दुसरं काही. सांगा ना." मी गावात कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही.

पण असा विचार करणारी ती एकटीच थोडी होती? तिच्या जावेनंही बेटाच्या डोक्याकडे झाऊच्या झुडपांत पाच-सहा आळी करून ठेवली होती. पल्याड होतंच त्यांचं, पण इकडची रेती कशाला सोडा. मोठ्या साहेबांची पाहणी ठरली आणि बहिणीला हुकूम आला, बेट साफ पाहिजे. तिनं जावेचे वेल उपटले. काय करणार? नसते उपटले तर गार्डांनी उपटले असते आणि हिची टोपी गेली असती. आपला मात्र ठेवला. तो झाकलेला होता.

त्या दिवशी मी घाटावर होतो. पल्याडून डोंग्यानं आलेला माल टेम्पोत भरत होतो. जाऊ बाजारातून आली, रेतीवर गेली, आणि मग तिचा आवाज घाटापर्यंत आला. सगळे धावले. मीही. कुणीतरी तिला सांगितलं असणार, कारण ती सरळ त्या डहाळ्यांपाशी उभी होती, डहाळ्या बाजूला फेकलेल्या.

"माहे उपटले! आन तुहा पाह्य कसा हिरवा हाये! सरकारची झाली का वो तू? आमचं बेकायदा, आन तुहं कायद्याचं?"

माणसं गोळा झाली. म्हातारा चुलतसासराही आला. वेलाला एक डांगर लागलेलं होतं, अजून हिरवं, मुठीएवढं. मला वाटत होतं, आता हिनं भांडावं. तोंड काही कमी नाही हिचं, मला माहीत आहे. म्हणावं की तुमचं पल्याड आहे, माझं हे एकच. म्हणावं की टोपी घातली नसती तर मिरचीला गेले असते, तुम्ही कोणी विचारलं? पण नाही. ती वाकली, वेल मुळापासून धरला आणि ओढून काढला. जावेच्या पायाशी टाकला.

"आता झालं बरोबर?"

माणसं पांगली. मला मात्र रडू आलं, लाज कशाला धरू. मी टेम्पोआड जाऊन तोंड धुतलं आणि अर्धा माल तसाच ठेवून अहेरीला आलो.

पाहणी उत्तम झाली. पाखरांची पिल्लं त्या साली खूप उडाली, हेही खरं, मी नाकारत नाही. पेपरात बातमी आली, तिचा टोपी घातलेला फोटो आला. खाली लिहिलं होतं की स्थानिकांच्या सहभागातून संवर्धन. मी तो पेपर दुकानात आला तसाच रद्दीत टाकला. गावात तिच्याशी बोलणं बंद झालं होतं. तिनं ओट्यावर हाक मारली की बाया भांडी उचलून आत जायच्या.

पुढच्या पावसात नदी पुन्हा हलली. या वेळी बेट आपल्या काठाकडे आलं आणि अजब म्हणजे बरंचसं पिवळ्या रंगात आलं. गावात आनंद. आता कोणाच्या बापाची भीती नाही, लावा डांगर. वाटणीच्या दिवशी मला बहिणीनंच बोलावून घेतलं. फोनवर म्हणाली, "तुमी या भाऊ. तुमी असले तं कोणी काही म्हननार नाई." मी सकाळीच गेलो. ती नवं लुगडं नेसून आली होती. टोपी पिशवीत होती, ड्यूटी नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. बियांची पुरचुंडी कमरेला खोचलेली.

म्हाताऱ्यानं रेतीच्या डोक्यापासून काठी टाकायला सुरुवात केली. पहिलं घर, दुसरं घर. सगळे त्याच्या मागं मागं. ती शेपटाकडे आधीच जाऊन उभी राहिली होती, जिथं तिचा हिस्सा यायचा तिथं. मी तिच्या बाजूला. म्हातारा जवळ जवळ येत गेला. दिराच्या घराचं नाव घेतलं, काठी टाकली, मोजलं. दिरानं आपली खूण रोवली. मग म्हाताऱ्यानं पळसाची फांदी हातात घेतली आणि म्हणाला, "आता पाखरायचं."

"आन माहं?" ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "काका, तिनं लावलं होतं. सगळ्यांनी पाह्यलं. तुमीबी पाह्यलं."

"उपटलं बी तिनंच," दीर म्हणाला. "हंगाम काढला नाई. कायदा कायदा हाये भाऊ. तुमी बाहेरचे, तुमी यात पडू नोका."

बाहेरचे. तीन पिढ्या यांचं डांगर खातोय आणि विकतोय. माझ्या तोंडाला शिवी आली होती. तेवढ्यात जाऊ पुढं झाली आणि तिला म्हणाली, ओरडून नाही, अगदी सावकाश म्हणाली, "तुले तं सरकारनं अख्खी रेती देल्ली ना वो बाई. राख आता."

मी बहिणीकडे पाहिलं. तिचा हात कमरेच्या पुरचुंडीवर होता. मला वाटलं होतं ती म्हाताऱ्याचे पाय धरेल, किंवा मला काहीतरी म्हणेल. ती नुसती उभी राहिली. म्हातारा फांदी घेऊन तिच्यासमोर थांबला होता, कारण फांदी रोवायची जागा तिच्या पायाखाली होती.

"सरक वो बाई," तो म्हणाला.

ती सरकली.